विनी, काय गं धुतलंस?

हल, ३ मार्च २००३

नॉर्मन,

'प्रिय' लिहायचं विसरलेले नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. 'लुसियन'ही लिहिणार नाही. लुसियन फ्रॉस्ट हे नाव लंडनच्या त्या रेकॉर्डवाल्या सायमन पेलीने जेवता जेवता तुला चिकटवलं आणि तू ते अजून अंगावरून उतरवलेलं नाहीस. इथे हलला, कोळ्यांच्या हेसल रोडवर तू तुझ्या आईचा, जीन टॉजरचा नॉर्मन आहेस आणि नॉर्मन म्हणूनच मरशील.

तुझं जांभळं पाकीट पोचलं. त्याला अत्तर लावलं होतंस का? पोस्टमन माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला. आत 'हेझेल डार्लिंग', आणि मग दोन पानं भरून नुसता आनंद. कपडे धुण्याच्या पावडरवाल्यांना आपलं गाणं हवंय, ते देशभर टीव्हीवर लागणार, आपल्या 'बस शेल्टर्स' बँडचं नाव बावीस वर्षांनी पुन्हा लोकांच्या तोंडी येणार. रेकॉर्डवर दोघांची नावं आहेत म्हणून माझी सही लागते, एवढीच काय ती अडचण.

सही मिळणार नाही. एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं, पण तुझ्या आईच्या अंत्यविधीपासून मला मळमळतंय आणि ते तुला कळायला हवं.

त्या दिवशी ऑर्गन मी वाजवत होते. आता तेच माझं काम आहे, दहनगृहात माझ्या सुरांवर लोकांच्या शवपेट्या पडद्याआड जातात. तू पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून बसला होतास. म्हटलं, असू दे, रडून डोळे सुजले असतील. मग चहाच्या वेळी तू माझ्याकडे आलास. मला वाटलं, जीनबद्दल काहीतरी बोलशील. तोंडात अंड्याचं सँडविच, रंगवलेल्या दाढीत पिवळा बलक, आणि म्हणतोस काय, "हेझेल, झकास बातमी आहे! आपली विनी पुन्हा धुणार!"

मी हातातली बशी टेबलावर ठेवली, ती तुझ्या टाळक्यात जाऊ नये म्हणून.

आणि ती विनी, म्हणजे माझी आई, तेव्हा बाहेर फाटकाशी वाऱ्यात उभी होती. मी दोनदा जाऊन ओढलं, पण आत आली नाही. "जीनला आवडलं नसतं," एवढंच म्हणाली. चांगला कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, सत्तरीची बाई दाराबाहेर उभी राहिली. तुझी गाडी तिच्या समोरून गेली. तू काचसुद्धा खाली केली नाहीस.

त्या पावडरवाल्यांना एकदा समजावून सांग, कारण ते आपल्याकडचे नाहीत. आपल्या रोडवर नवरा ज्या दिवशी मासेमारीला निघतो त्या दिवशी बाई कपडे धूत नाही. धुतले तर तो डेकवरून धुऊन जातो. धक्क्यावर निरोप द्यायला जात नाहीत, हात हलवत नाहीत आणि धूत नाहीत. हसू येतंय का त्यांना? येऊ दे. 'लॅपविंग' बोट जानेवारीतल्या ज्या सकाळी सुटली आणि परत आली नाही, त्या सकाळी आमच्या अंगणातल्या दोरीवर एक पांढरी चादर वाळत होती. समोरच्या खिडकीतून ती तुझ्या आईने पाहिली. त्याच बोटीवर माझे बाबा होते आणि तुझा बाप अल्फही होता. मी बारा वर्षांची होते, तू तेरा. त्या चादरीने सगळं जहाज बुडवलं, असं तेव्हापासून रोडवर म्हणतात.

आता तीच चादर पडद्यावर फडफडणार आणि तिच्यासमोर कोणी बाई दात काढून नाचणार. आईची संध्याकाळची मालिका सुरू असताना, मध्येमध्ये, रोज. तिला घरात तेवढाच विरंगुळा आहे. मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही.

हेझेल रिलॅट


हल, १९ मार्च

नॉर्मन,

तुझं उत्तर आलं. या खेपेला पाकीट साधं आहे, बरं झालं.

तू लिहितोस की काळजी करू नकोस, जाहिरातीत नाव बदलून घेऊ, 'विनी'च्या जागी 'मिनी' म्हणतील, मी शब्द देतो. वाचून मला हसू आलं आणि मग ओकारी आली. हाच शब्द तू मला एकदा दिला होतास. हेच नाव सुचवलं होतंस. बावीस वर्षांत दुसरं नावसुद्धा तुला सुचू नये?

तू म्हणतोस, "जुन्या चांगल्या दिवसांची तरी आठवण ठेव." ठेवते की. घे.

खलाशांच्या प्रार्थनाघरात मोडीत निघालेला विजेचा ऑर्गन आपण ढकलगाडीवरून आणला. शब्द जुळवायला बसस्टॉपवर बसायचो, म्हणून ते नाव. तू गायचास, मी ऑर्गनवर, आणि ढोल बडवायला ट्रेव्हर, ज्याला सगळे टब म्हणायचे. टब बिचारा आजही मला रस्त्यात थांबवून आईची चौकशी करतो. तुला त्याचं आडनाव तरी आठवतंय का?

मग ती व्हॅन. पुढे तुम्ही दोघं, मागे मी आणि ऑर्गन. तळाशी टबचे मोजे, चिप्सचे तेलकट कागद आणि कसलं तरी सांडलेलं दूध, जे कोणीच कधी पुसलं नाही. आणि ते प्रेक्षक! बँड आवडला की अंगावर थुंकायची फॅशन होती तेव्हा. लीड्सला आपण इतके आवडलो की माझ्या केसांतून ओघळ मानेवर आला. तू दोन्ही हात पसरून उभा राहायचास. "प्रेम आहे गं ते, हेझेल!" प्रेम! प्रत्येक कार्यक्रमानंतर भांडी पुसायच्या फडक्याने ऑर्गनची एकेक पट्टी मी पुसायची. घरी यावं तर दारात आई गुडघ्यांवर बसून पायरी घासतेय, कारण तुझी आई दुकानातून येता-जाता आमच्या पायरीवर थुंकायची. आमचं मायलेकींचं तेव्हा एकच काम चाललं होतं. एक ऑर्गन पुसायची आणि एक पायरी.

गाणं मी लिहिलं ते त्या पायरीवर बसून. हळू चालीचं होतं. 'वारा सुटलाय, चादर वाळेल, दाराला कडी नाही.' एवढंच धृपद होतं. कोणाचं नाव नव्हतं त्यात. आईने ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ऐकता ऐकता बटाटे सोलायची थांबली होती.

मग लंडनचा स्टुडिओ. मी एका शनिवार-रविवारसाठी घरी आले, आईच्या छातीत कफ भरला होता म्हणून. तेवढ्यात तू आणि तुझ्या त्या सायमनने माझं धृपद काढून फेकलं. परतले तेव्हा टबने मान खाली घातली होती. सायमन बोटं वाजवत होता. स्पीकरमधून टाळ्यांच्या तालावर तू किंचाळत होतास, "विनी, विनी, काय गं धुतलंस? विनी, विनी, कोणाला गं धुतलंस?"

मी म्हटलं, "हे माझ्या आईचं नाव आहे."

सायमन म्हणाला, "अरे वा! खरं नाव आहे? मग तर सोन्याहून पिवळं!"

आणि तू म्हणालास, "अगं, ओरडायला बरं पडतं ते. त्यात एवढं काय?"

रेकॉर्ड निघाली, खपाच्या यादीत वर चढायला लागली, टीव्हीवरून बोलावणं आलं. मी सांगितलं, येणार नाही. तेव्हा तू माझे दोन्ही हात धरून शब्द दिलास. "टीव्हीवर मी 'मिनी' म्हणेन. देवाशपथ. रोडवर कोणाला कळणारसुद्धा नाही." आणि मी येडी, विश्वास ठेवला. मासळीच्या कारखान्यातून उठून आलेली पोर मी. टीव्हीवर कोणी खरं गात नाही, रेकॉर्ड लावतात आणि आपण नुसते ओठ हलवायचे असतात, हे मला कुठे ठाऊक? तुला ठाऊक होतं. सायमनने तुला आदल्या आठवड्यात सगळं समजावलं होतं, टबने मला नंतर सांगितलं.

टीव्हीच्या स्टुडिओत गेले तर दोरीवर पांढऱ्या चादरी. साबणाचे फुगे सोडणारं यंत्र. मी ऑर्गनची वायर शोधतेय तर तिथला माणूस म्हणतो, "राहू दे गं पोरी, ती कशातच लावायची नसते." तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मग दिवे लागले आणि छतातून तुझा आवाज आला. "विनी, विनी." तुझे ओठ 'मिनी' म्हणत होते, नॉर्मन. ते मी पाहिलं. तू शब्द पाळलास! ओठांनी पाळलास!

मी पट्ट्यांवरून हात उचलले. ऑर्गन वाजतच राहिला. मी हात वर धरून उभी, आणि माझा ऑर्गन आपला मजेत वाजतोय, फुगे उडताहेत, समोरची पोरं नाचताहेत. मग मी चालत बाहेर पडले. त्या दिवशी बँड संपला. तू मुलाखतींमधून सांगतोस की 'कलेबाबतच्या मतभेदांमुळे' संपला. कसली कला, कसले मतभेद?

आई ते टीव्हीवर बघत होती. शेजारच्या सगळ्या बायकांना तिने चहाला बोलावलं होतं, लेक टीव्हीवर दिसणार म्हणून. गाणं संपायच्या आत सगळ्या उठून गेल्या. त्यानंतर पोरं आमच्या बोळातून तेच गाणं ओरडत पळायची. विनी, विनी, कोणाला गं धुतलंस. कित्येक वर्षं.

एवढं सगळं मी निमूट गिळलं होतं. पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ गिळवत नाही. 'आणि खरं सांगायचं तर, हेझेल, तिने धुतलंच होतं. माझाही बाप होता त्या बोटीवर.'

म्हणजे ओरडायला बरं पडतं म्हणून नव्हे. ते तिलाच उद्देशून होतं. तुझी आई आमच्या पायरीवर थुंकायची, तू देशभराच्या टीव्हीवरून थुंकलास. आणि आता साबणवाल्यांकडून पुन्हा थुंकायचंय. मला तुझी किळस येते, नॉर्मन. राग नाही, राग कधीच जिरला. किळस.

पुन्हा लिहू नकोस.

हेझेल


हल, ६ एप्रिल

नॉर्मन,

लिहू नकोस म्हटलं तर तू फोन केलास. आणि माझ्याकडे नाही, आईकडे. मी रविवारी दुपारी तिच्याकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात माशाचे तुकडे पिठात घोळवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कोण्या लुसियनचा फोन आला होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय म्हणाला तो?"

"मी म्हटलं, लुसियन कोण बाबा? चुकीचा नंबर लागला. तर म्हणतो, मिसेस रिलॅट, मी नॉर्मन. म्हटलं, अरे जीनचा नॉर्मन होय! मग आधीच नीट नाव सांगायला काय होतं? जेवलास का विचारलं. तर रडायलाच लागला."

तू रडलास हे मला तू कळवलं नसतंस. आईने कळवलं. तू तिला सही मागितलीस, माझ्याकडून मिळवून द्या म्हणालास, समुद्रकाठच्या त्या सुट्टीच्या छावण्यांत म्हाताऱ्यांपुढे गाऊन कंटाळा आला म्हणालास. आणि मग तिला विचारलंस, "त्या दिवशी तुम्ही का धुतलंत?"

तीस वर्षांत हे तिला तोंडावर कोणी विचारलं नव्हतं. थुंकले, कुजबुजले, गाणी म्हटली, पण विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तिने तुला उत्तर दिलं नाही, "बघते रे बाबा" म्हणून फोन ठेवला. मला दिलं. आणि तुला सांगायला सांगितलंय. "आता जीन गेली," म्हणाली. "आता सांगायला हरकत नाही. रागाने नको लिहूस मात्र." मी प्रयत्न करतेय.

बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी तुझा बाप आणि माझे बाबा पिऊन तर्र होऊन आले. अल्फ आधी तुमच्या घरी गेला होता. जीनने आतून कडी लावली. त्याने दार बडवलं, तिने उघडलं नाही. वरच्या खिडकीतून म्हणाली, "जा, त्या समुद्रातच झोप." मग बाबा त्याला आमच्याकडे घेऊन आले. ते स्वतः खुर्चीत कोसळले आणि घोरायला लागले. अल्फला झोपवायचं कुठे? मला उचलून आईच्या अंथरुणात नेलं आणि त्याला माझ्या पलंगावर टाकलं.

मला ती रात्र आठवते. आईचे थंडगार पाय आठवतात. कोण आलंय, का आलंय, काही कळलं नव्हतं. बाबांचे दोस्त आले की असं व्हायचंच.

सकाळी टॅक्सी आली, दोघंही गेले. अल्फ खाली मान घालून गेला म्हणे. आई वर जाऊन बघते तर माझ्या पलंगावर त्याने सगळं करून ठेवलेलं. ओकला होता, आणि ओकण्यावर भागलं नव्हतं. वास जिन्यापर्यंत येत होता. मी शाळेत गेले होते.

"मग उद्या धुवायचं ना!" मी ओरडले. "एक दिवस! घमेल्यात बुडवून ठेवायचं!"

"आणि तुला रात्री कशावर झोपवायचं होतं?" आई म्हणाली. "दुसरी चादर होती का आपल्याकडे? आणि वास घरभर. मी तिथे उभी राहिले बराच वेळ. आज धुवायचं नाही हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आजीलाही ठाऊक होतं. पण त्या घाणीत मी माझ्या पोरीला झोपवणार नव्हते."

ती चादर माझी होती, नॉर्मन. त्या रात्री मी तिच्यावर झोपले. वाऱ्यात वाळलेली, कडक, गार. मला आठवतंय, मी तोंड खुपसून तिचा वास घेतला होता.

मी विचारलं, मग जीनला का नाही सांगितलंस? ती थुंकत होती तेव्हा तरी? आईने मासा तेलात सोडला. "काय सांगू? तुझा नवरा शेवटच्या रात्री लेकराच्या अंथरुणात हगून गेला, असं? त्या बाईकडे त्याची तेवढीच आठवण उरली असती. आणि कडी तिनेच लावली होती गं. ते तिला रोज आठवत असणार. माझ्यावर थुंकून तिला झोप लागत असेल तर लागू दे, म्हटलं. पायरी काय, धुता येते."

मी तिथे उभी होते आणि मला सगळ्यांची शिसारी आली. तुझ्या बापाची, तुझ्या आईची, खुर्चीत घोरणाऱ्या माझ्या बाबांची, चहा टाकून उठून गेलेल्या त्या बायकांची. आणि आईचीसुद्धा, थोडी. इतकं गप्प कोणी राहतं का? तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. मी ते बाजूला सारलं. तिने मात्र नीट व्हिनेगर घालून सगळं संपवलं.

मग म्हणाली, "दे त्याला सही."

"आई!"

"बाप नाही त्याला."

"त्रेचाळीस वर्षांचा आहे तो!"

"म्हणून काय झालं? आता आईही नाही." आणि टीव्ही लावायला उठून गेली.

तेव्हा सही सोबत जोडली आहे. मी तुला कारण सांगितलं, आईने सांगितलं तसंच, वर काही न घालता. आता ते गाणं लावायचं की नाही, नाव बदलायचं की ठेवायचं, ते तू बघ. विनीला चालणार आहे. ती ऐकेल, आवाज जरा मोठा करून ऐकेल. आणि ते लागलं की कोणाचे डाग धुतले जाताहेत, हे आता तिघांना ठाऊक आहे.

आईचा एक निरोप राहिला. उपहासाने नाही, ती खरंच विचारतेय. त्या दिवशी तिने ती चादर तीनदा धुतली, पण एका कोपऱ्याचा वास काही केल्या गेला नाही, म्हणून तेवढा कोपरा तिने माझ्या पायाकडे खोचला होता. तिला विचारायचंय, तुमच्या या नव्या पावडरीने तो जातो का.

हेझेल